पाय नसले तरी सायकल चालवता येते? हँडसायकल म्हणजे काय, जाणून घ्या

सायकल म्हटलं की पॅडल आणि पाय आलेच. हँडसायकलचं पॅडल मात्र छातीसमोर असतं आणि ते हातांनी फिरवायचं असतं. ही ताकद साखळीतून पुढच्या चाकाला मिळते. गिअर आणि ब्रेकही हाताशीच असतात. तीन चाकं असल्याने थांबल्यावर तोल जात नाही. व्हीलचेअर पुन्हा पुन्हा ढकलावी लागते. इथे हात गोल फिरत राहतात, त्यामुळे लांबचं अंतर कमी श्रमात कापता येतं.

इटलीचे कार रेसर अ‍ॅलेक्स झानार्डी यांनी १५ सप्टेंबर २००१ रोजी जर्मनीतल्या शर्यतीतील अपघातात दोन्ही पाय गमावले. पुढे ते हँडसायकलकडे वळले. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी दोन सुवर्ण आणि एक रौप्य पदक जिंकलं. विशेष म्हणजे, या शर्यती ब्रँड्स हॅच या कार रेसिंगच्याच ट्रॅकवर झाल्या. २०१६ मध्ये रिओतही त्यांनी दोन सुवर्णपदकं पटकावली.

हा खेळ धोक्याशिवाय नाही. जून २०२० मध्ये हँडसायकल चालवतानाच ट्रकला धडकून झानार्डी गंभीर जखमी झाले. तरीही पाय गमावलेले अनेक जण हँडसायकल निवडतात. कारण साधं आहे: मागून ढकलायला कोणी लागत नाही. वेग किती ठेवायचा, कुठे वळायचं, हे स्वतःच ठरवता येतं.