‘अ+’ बटणाची कुळी

जबलपूर जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ जबलपूरच्या रांझी वस्तीतल्या कुणीही उघडलं, तरी अक्षर लहान-मोठं करायची आणि पार्श्वभूमी काळी करायची सोय तिथे सापडते. ही सोय दिव्यांगांसाठीच्या नियमांतून आली, असं सांगतात. सरकारी संकेतस्थळांसाठीची 2009 ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं हा त्याचा पुरावा. मला हे अर्धंच पटतं. नियमांनी बटण आणलं, पण पान आपल्याला हवं तसं पाहण्याचा वाचकाचा हक्क त्याआधीचा.

10 ऑक्टोबर 1994 रोजी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतल्या हाकोन विउम ली यांनी वेबपानाच्या सजावटीचा एक मसुदा मांडला. त्यात मथळ्याच्या आकारापुढे लिहिलं होतं 100%, उपमथळ्यापुढे 40%. सजावटीची एक यादी किती ताबा मागते, ते हे आकडे सांगत. पहिली यादी वाचकाची, उरलेला वाटा पान लिहिणाऱ्याच्या यादीला. सातबाऱ्यावर हिस्से चढवावेत तसा हा प्रकार! वेबपानांच्या सजावटीची सीएसएस ही भाषा यातूनच उभी राहिली.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या 1990 च्या ब्राउझरात सजावट वाचकाच्याच हाती होती, मग मूळपुरुष तेच, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं, तिथे भांडायला दुसरा वाटेकरीच नव्हता. वाटणी विउम लींनी लिहिली.

टक्के पुढे गळाले. डिसेंबर 1996 च्या पहिल्या सीएसएसमध्ये पानाचा लेखक आणि वाचक अशा दोघांनीही आपल्या नियमाला ‘महत्त्वाचं’ म्हटलं, तर लेखक जिंकायचा. मे 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत निकाल फिरला, वाचक जिंकू लागला. 2001 मध्ये पॉल सोडन यांनी संकेतस्थळालाच वेष बदलायचं बटण बसवण्याची रीत दाखवली. 2014 मध्ये क्रोमने वाचकाची स्वतःची सजावट-फाइल काढून टाकली.

फायरफॉक्स ब्राउझरमध्ये मात्र वाचकाचा जुना वाटा शाबूत आहे, आणि रांझीतल्या मराठी घरांना तो उपयोगी पडावा. हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि मराठी पाकळीचा ल यांना युनिकोडमध्ये एकच क्रमांक. श चंही तसंच. कोणता आकार दिसेल, ते फॉण्ट ठरवतो. सेटिंग्जमधल्या फॉण्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीत देवनागरी निवडा, मराठी वळणाचा फॉण्ट लावा आणि पानांना स्वतःचे फॉण्ट वापरू देणारी खूण काढा. हिंदी बातमीसुद्धा पाकळीच्या ल मध्ये वाचता येते! फक्त काही संकेतस्थळांवरची चिन्हंही फॉण्टातूनच येतात. त्यांच्या जागी अधूनमधून रिकामे चौकोन दिसतात.