प्राचीन नाण्यांची स्थिती आणि प्रतवारी

प्राचीन नाण्यांची प्रतवारी म्हणजे नाण्यावर मूळ ठशातील तपशील किती शिल्लक आहे, झीज किती झाली आहे आणि धातूचा पृष्ठभाग कसा टिकला आहे हे पाहून त्याची स्थिती ठरविणे होय. नाणकशास्त्रीय नोंदींत आणि संग्राहकांच्या खरेदी-विक्रीत तिचा उपयोग होतो.

संग्राहकांमध्ये ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ या इंग्रजी संज्ञा रूढ आहेत. त्यांतील पहिली नवख्यास हमखास फसवते, कारण ‘फाइन’ म्हटलेले नाणे प्रत्यक्षात बरेच झिजलेले असते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी सेंटसाठी १ ते ७० अशी गुणपद्धती मांडली. पुढे ती इतर आधुनिक नाण्यांनाही लावली गेली. हाताने पाडलेल्या प्राचीन नाण्यांना मात्र ती एकटी पुरत नाही. त्यांच्या बाबतीत झीज, ठशाची बैठक आणि पृष्ठभाग यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

झीज आणि घडणीतील दोष

झीज वापरामुळे होते, तर घडणीतील दोष टाकसाळीतच निर्माण होतो. झिजलेल्या नाण्यावर प्रतिमेचे उंचवटे प्रथम सपाट व गुळगुळीत होतात. ठसा नीट बसला नसेल, तर एका भागात आकृती पुसट आणि लगतच्या भागात रेषा धारदार दिसतात. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर धातूची चकती लहान पडल्याने कडेचा लेख अनेकदा अर्धवटच उमटला आहे. असे नाणे फारसे न वापरलेलेही असू शकते.

जोगळटेंभी येथील निधी

केवळ देखणेपणावरून प्रतवारी केल्यास काय हातचे जाते, हे या निधीवरून कळते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे : एका बाजूस तीन कमानींची टेकडी व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नहपानाचा चेहरा त्याखाली चेपला गेला आहे, लेख तुटला आहे. सौंदर्याच्या कसोटीवर ही नाणी विद्रूप ठरतील. परंतु सातवाहनांनी नहपानाची सत्ता संपविली, याचा हा मोठा पुरावा आहे. वरच्या चिन्हाइतकेच खाली उरलेले दोन अक्षरांचे तुकडेही येथे मोलाचे आहेत. म्हणून अशा नाण्याच्या नोंदीत दोन्ही ठशांची स्थिती स्वतंत्रपणे द्यावी.

पृष्ठभाग आणि सफाई

तांब्याच्या नाण्यावरील घट्ट, एकसारखा हिरवा वा तपकिरी थर हा दोष नव्हे. तो खालच्या धातूचे काही प्रमाणात रक्षण करतो. याउलट फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड ही क्लोराइडमुळे होणाऱ्या गंजाची खूण असून दमट हवेत ती वाढत जाते. फार काळ पुरलेली चांदी ठिसूळ होऊन नुसत्या पडण्यानेही तुटू शकते. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर पांढरट थर येतो आणि मऊ धातूमुळे त्यांवर चरे सहज पडतात.

घरातली तांब्याची भांडी चिंचेने घासावीत, नाणी घासू नयेत. आम्लाने थराबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि घासून चकचकीत केलेल्या नाण्याची प्रत जाणकार खालचीच लावतात. चिकटलेली माती काढण्याचे कामही संवर्धकाकडून करून घेणे इष्ट, कारण कधीकधी त्या मातीवरूनच नाणे कोणत्या निधीतील आहे याचा माग लागतो.