डोंगळ्याचे डोके आणि आतड्याचा टाका

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला चौदावा अध्याय उदररोगांचा. आतड्याला भोक पडले तर काय करावे, हे त्यात सांगितले आहे. नाभीखाली डाव्या बाजूने पोट चिरावे, आतडी बाहेर घेऊन तपासावीत, भोकाच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या, म्हणजे आपले डोंगळे, डसवावेत. डसल्यावर धड तोडावे, डोके राहू द्यावे. मग आतडी जागी ठेवून पोट शिवावे.

हा उतारा बहुधा अभिमानाने सांगितला जातो. जुन्या शल्यग्रंथांतले टाके शोधत फिरणाऱ्या मला त्यात एक प्रश्न दिसतो : आतड्याची जखम नेमकी कुठल्या थराच्या भरवशावर मिटते?

युरोपात याचे पहिले पक्के उत्तर पॅरिसच्या आंत्वान लांबेर यांनी १८२६ साली दिले. आतड्याच्या कडा आत दुमडून बाहेरचे गुळगुळीत आवरण आवरणाला भिडवले, तर ते लवकर चिकटते. १८८७ साली अमेरिकेच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून पुढची गोष्ट दाखवली. चिकटते बाहेरचे आवरण, पण टाका पेलतो तो अस्तराखालचा चिवट थर. मेंढीच्या आतड्याची तात निघते, तीही याच थरातून.

आता आजच्या दुर्बिणीकडे येऊ. लहान आतड्याचा आरंभीचा भाग म्हणजे आद्यांत्र. लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर. तिथल्या गाठीसाठी पोट उघडायचे, तर शेजारी स्वादुपिंड, पित्तनलिका. शस्त्रक्रिया मोठी होते. म्हणून गाठ अस्तरापुरतीच असेल, तर ती तोंडावाटे दुर्बिणीने काढता येते. जपानी डॉक्टरांनी १९९०च्या दशकात जठरासाठी विकसित केलेल्या पद्धतीत अस्तराखाली द्रव टोचून गाठ उचलतात आणि खालचा थर कापत ती सोडवतात.

म्हणजे हॉल्स्टेडने ज्याच्यावर भरवसा ठेवला, तोच थर इथे कापला जातो! जखमेच्या तळाशी पातळ स्नायू उरतो आणि त्यावरून पित्त व स्वादुरस वाहत राहतात. हे पाचकरस उघड्या तळाला इजा करतात. गाठ व्यवस्थित निघाल्यावरही एखाद-दोन दिवसांनी भोक पडू शकते, ते यामुळे. म्हणून जखम शक्य तर त्याच वेळी मिटवतात.

त्यासाठीच्या चिमट्यांचे मूळ जपानमध्ये आहे. १९७५ साली हायाशी आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून लावायच्या क्लिपचे वर्णन केले, तेव्हा हेतू रक्तस्राव थांबवण्याचा होता. जखमेच्या दोन्ही कडा अशा क्लिपांनी जुळवता येतात. मात्र कडा धरल्या म्हणून तळ पकडीत येतोच असे नाही. वरून दार लागते, खाली पोकळी राहते. पुढे जर्मनीत दुर्बिणीच्या टोकावर बसणारी मोठी क्लिप तयार झाली. ती ऊती आत ओढून अस्वलाच्या पंजासारखी अधिक खोल पकडते. पण आद्यांत्र अरुंद, वळणाचे आणि बरेचसे पाठीच्या भिंतीला चिकटलेले. तिथे दुर्बीण वळवणेच कष्टाचे.

डोंगळ्याच्या जबड्यापासून या क्लिपपर्यंत सलग परंपरा नाही. हायाशींची क्लिप सुश्रुताच्या पोथीतून निघालेली नाही. साम्य आहे ते अडचणीत. दोन ओल्या, निसरड्या कडा आतडे स्वतः सांधले जाईपर्यंत धरून ठेवायच्या आणि धरणाऱ्याने मग आपोआप निघून जायचे. डोंगळ्याचे डोके झिजून जाते, क्लिप गळून शौचावाटे बाहेर पडते. शल्यविद्येचा इतिहास आपण काय काय कापता आले यावरून लिहितो. आतड्यापुरता तरी तो काय मिटवता आले यावरून लिहायला हवा. कारण गाठ कुठवर काढायची, हे शेवटी जखम मिटवता येते की नाही यावरच ठरते.