आचरेकर सरांची शिस्त: पुरावा नेमका काय सांगतो?

आज प्रयोगशाळेबाहेरचं एक उदाहरण घेऊ. "सरांनी बदडलं म्हणून आम्ही घडलो" हे वाक्य तुम्ही मैदानावर किंवा शाळेत कधी ना कधी ऐकलं असेलच. हे विधान तपासायचं, तर रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) यांच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

आचरेकर सर स्वतः फक्त एक प्रथम श्रेणी सामना खेळले, तोही १९६३-६४ मध्ये स्टेट बँकेकडून. पण दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित तयार झाले. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

त्यांच्या शिस्तीबद्दल आपल्याला काय माहीत आहे? सचिनच्या आठवणीनुसार, सरावाच्या शेवटी सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद करेल त्या गोलंदाजाचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. पहिल्याच उन्हाळी सुट्टीत तो ६० दिवसांत ५५ सराव सामने खेळला. एकदा स्वतःचा सामना सोडून तो वानखेडेवर शाळेच्या मोठ्या संघाला टाळ्या वाजवायला गेला, तेव्हा सर भयंकर चिडले. या गोष्टीच्या काही आवृत्त्यांत थप्पडही आहे. आणि लोकांच्या लक्षात राहते ती थप्पडच!

आता फेब्रुवारी १९८८ चा हॅरिस शील्डचा सामना बघा. शारदाश्रमच्या सचिन (नाबाद ३२६) आणि कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. हे आकडे धावफलकात आहेत, म्हणजे त्याच दिवशीचा पुरावा. डाव घोषित करायचा निरोप येऊनही दोघं सीमारेषेकडे बघतच नव्हते, ही मात्र नंतर सांगितलेली आठवण. दोन्ही साधनं उपयोगाची, पण त्यांचं वजन सारखं नाही. आणि ती आठवण खरी मानली, तर चौदा आणि सोळा वर्षांची ही 'शिस्तीतली' पोरं चक्क सरांचा निरोप टाळत होती. नुसत्या धाकाने घडलेली मुलं असं करतील का?

खरी गोम पुढे आहे. या सगळ्या गोष्टी सांगणारे कोण? जे यशस्वी झाले ते. मैदान सोडून गेलेल्यांची मुलाखत कुणी घेत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर नमुनाच एकांगी आहे. अशा नमुन्यावरून "थप्पड हे यशाचं कारण" असा निष्कर्ष निघूच शकत नाही. नाणं आणि ५५ सामने यांनी सरावाचं प्रमाण आणि दर्जा कसा वाढला, हे निदान दाखवता तरी येतं.

मी स्वतः त्या न मोजलेल्यांपैकी एक. तेराव्या वर्षी, सरावाला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून आमच्या प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही. मी सचिन झालो नसतो हे नक्की, पण त्या शिस्तीच्या हिशेबात मी कुठेच नाही.

म्हणून कुठल्याही यशोगाथेवर संशोधन करायला घ्याल, तेव्हा पहिला प्रश्न हा लिहून ठेवा: यात कोण बोलत नाहीये?