शिवेवरचा माग

आमच्या अण्णांच्या गोष्टींत चोर बहुधा सुटून जायचा. फौजदाराची नात म्हणून शाळेत माझा भाव मोठा. सुट्टीत मैत्रिणी आमच्याकडे यायच्या त्या पाठलागाच्या आणि पिस्तुलाच्या गोष्टी ऐकायला. अण्णा पायरीवर सुपारी कातरत बसलेले असत आणि सांगत भलतंच. अमक्या घरात कडी आतून होती की बाहेरून, हे लिहायचं राहिलं. तमक्या खटल्यात मुद्देमालाच्या पुडीवरचं लाखेचं सील फुटलेलं निघालं. मैत्रिणी हिरमुसून घरी जायच्या. "अण्णा, जिंकलेली एखादी सांगा की," मी म्हणायची. "जिंकलेलीत शिकण्यासारखं काय असतं?" एवढं बोलून ते पुन्हा अडकित्त्याकडे वळायचे.

अण्णा, म्हणजे माझ्या आईचे वडील, १९२८ सालचे. १९५० मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात साधे शिपाई म्हणून भरती झाले. पहिली नेमणूक पुरंदरच्या बाजूला. तिथे रात्रीच्या गस्तीला एक म्हातारे रामोशी बरोबर असायचे. सगळा गाव त्यांना नाईक म्हणायचा, अण्णाही. माग काढायला अण्णा त्यांच्याकडूनच शिकले. टाच खोल रुतली असेल तर माणूस ओझं घेऊन गेला. ठसा मोडू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घालायची. पावलाचं माप काडीने घ्यायचं आणि काडी जपून ठेवायची.

नाईकांनी एक जुनी रीतही सांगितली होती. चोरी झाली की गावच्या जागल्याने माग काढत आपल्या शिवेपर्यंत जायचं. तिथे पुढच्या गावच्या जागल्याला बोलवून पाऊल दाखवायचं. त्याने ते पाऊल मानलं की जोखीम त्याच्या गावाची. माग शिवेपर्यंत पोचलाच नाही, तर चोरीची भरपाई आपल्या गावावर. अण्णांना ही सांगीवांगी वाटली होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल १८१९ मध्ये लिहिला, त्यात हीच रीत नोंदलेली आहे, हे मी त्यांना पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ते हसले. "म्हणजे साहेबालाही कुणा नाइकानेच सांगितलं असणार," म्हणाले.

पण त्या हसण्यात एक सल होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावं राखली, त्यांच्यासारख्यांवर इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. हा शिक्का मारणारा कायदा देशभरातून गेला १९५२ मध्ये. "माझे पहिले उस्ताद सरकारच्या पुस्तकात संशयित होते," असं अण्णा म्हणत, आणि त्यावर कुणी काही बोललेलं त्यांना चालत नसे.

पुढे खात्याची परीक्षा देऊन ते फौजदारकीच्या ट्रेनिंगला नाशिकला गेले. त्र्यंबक रोडवरची ती शाळा आज महाराष्ट्र पोलीस अकादमी म्हणून ओळखली जाते. मूळची ती पुण्याची. १९०२-०३ मध्ये फ्रेझर आयोगाने देशभरच्या पोलिसांची झाडाझडती घेतली आणि पोलीस ना नीट शिकलेला, ना विश्वासाचा, असा निकाल दिला. त्यातून प्रांतोप्रांती पोलिसांच्या शाळा निघाल्या. मुंबई इलाख्याची शाळा १९०६ मध्ये भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला हलली. अण्णांना हे सांगितलं ते कवायतीच्या म्हाताऱ्या उस्तादांनी, मैदानावर घाम पुसता पुसता. त्या उस्तादांची निवृत्ती तोंडावर आली होती. "भांबुर्ड्याचे मास्तर माझ्या मास्तरांनी पाहिलेले," हे त्यांचं आवडतं वाक्य. पोलिसांतही घराणी असतात, हे अण्णांना तेव्हा कळलं.

इतकं शिकूनही चुकायचं ते चुकलंच. अण्णा फौजदार होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. एका वाडीत पंचविशीतल्या पोराचा खून झाला. आरोपी दोन दिवसांत सापडला आणि त्याने विहिरीजवळ पुरलेला कोयता काढून दिला. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला त्या शोधापुरता भाग कोर्टात चालतो. पुरावा कायद्याचं कलम २७ ते हेच. पण पंच हवेत. वाडीतलं कुणी पुढे येईना, आणि अण्णांना घाई. ठाण्यासमोरच्या हॉटेलात चहा पीत बसणारा एक नेहमीचा पंच होता. त्याची सही घेऊन मोकळे झाले. सेशन कोर्टात आरोपीच्या वकिलाने दुसराच एक पंचनामा पुढे ठेवला. त्याच दिवशी, त्याच वेळी, सोळा मैलांवरच्या गावात तोच पंच हजर! आरोपी सुटला.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्या पोराची आई बसली होती. तिने शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "साहेब, मग माझ्या लेकाला मारलं कुणी?"

नंतर काही वर्षांनी अण्णांची बदली ट्रेनिंग स्कूलवर झाली, कायदा शिकवायला. खात्यात या बदलीला 'साइड पोस्टिंग' म्हणत. खरा अर्थ शिक्षा. ठाणं नाही, हद्द नाही, कुणी सलाम ठोकायला येत नाही. आजी मात्र खूश, कारण माणूस दोन वेळा घरी जेवणार. अण्णा महिनाभर फुगून होते. नेमक्या त्याच काळात केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणाची समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्ष होते टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्राध्यापक मा. स. गोरे. १९७३ मध्ये त्यांचा अहवाल आला. पोलिसाला कवायत आणि कलमं पुरेशी नाहीत, माणूस आणि समाजही कळला पाहिजे, असा त्याचा रोख. प्राध्यापकाने पोलिसांना शिकवावं यावर मेसमध्ये विनोद झाले. अण्णा मात्र विचारात पडले. त्यांना व्हरांड्यातली बाई आठवली असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी होस्टेलची एक खोली रिकामी करून तिथे गुन्ह्याची जागा मांडली: उलटलेला तांब्या, विझलेला कंदील, तुटकी बांगडी. पोरांना दहा मिनिटं आत सोडलं, बाहेर काढलं आणि पंचनामा लिहायला लावला. कंदील सगळ्यांनी लिहिला. मग अण्णांनी विचारलं, "दार कुठल्या बाजूला उघडतं?" वर्ग गप्प. हा प्रश्न पुढे इतका गाजला की पोरं त्यांना मागून 'दारवाले साहेब' म्हणू लागली. आणि वर्षअखेरीस प्रत्येक तुकडीला ते सोळा मैलांवरच्या पंचाची गोष्ट सांगत. साहेबाने आपली हरलेली केस सांगायची, हे त्या भिंतींना नवीन होतं.

१९८६ मध्ये अण्णा निवृत्त झाले. त्यांच्याहून एका वर्षाने लहान असलेले ज्युलिओ रिबेरो त्याच वर्षी पंजाबला पोलीसप्रमुख म्हणून गेले, मग तिथल्या राज्यपालांचे सल्लागार झाले, मग रुमानियात राजदूत. अण्णा ही बातमी मोठ्याने वाचून दाखवायचे, जणू घरातलाच कुणी. पण त्यांचे खरे आदर्श रुस्तमजी. खुसरो फरामुर्झ रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीचे. सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय पोलीस आयोगावर सदस्य झाले. त्याच आयोगावर गोरेही होते. बिहारचे तुरुंग पाहताना रुस्तमजींना खटला उभा न राहता वर्षानुवर्षं खितपत पडलेले कैदी दिसले. १९७९ मध्ये त्यांनी त्यावर वर्तमानपत्रात लिहिलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. हजारो कच्चे कैदी सुटले. जन्मभर माणसं आत घालण्याचं खातं सांभाळलेल्या गृहस्थाने म्हातारपणी माणसं बाहेर काढली, याचं अण्णांना फार अप्रूप. मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रमण राघवच्या प्रकरणाचा तपास सांभाळणारे रमाकांत कुलकर्णी पुढे महासंचालक होऊन निवृत्त झाले आणि आपले तपास पुस्तकात लिहून गेले, तेही त्यांना असंच जवळचं.

आमच्या अण्णांना आयोग मिळाला नाही. एका साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून वर्षभर गेले. तिथे त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण सांगितलं तरी कुणी हलत नाही. "हुकमाला 'का' विचारत नाहीत," ते आजीला म्हणाले होते, "सल्ल्याला पहिला प्रश्न 'का' हाच." नोकरी सोडली, पण 'का'चं उत्तर द्यायची सवय लागली. मग पायरीवर माणसं येऊ लागली. कुणाची बैलजोडी गेलेली, कुणाच्या लेकीला सासरी त्रास. फिर्याद कशी सांगायची, तिची नक्कल फुकट मिळते ती मागून कशी घ्यायची, हे अण्णा शिकवत. कधी ठाणे अंमलदाराला, अण्णांच्याच जुन्या विद्यार्थ्याला, लाज वाटे, कधी रागही येई. अण्णांना दोन्ही चालत असे.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा मामेभाऊही पोलिसात, आणि शेवटच्या नेमणुकीत तोही प्रशिक्षण केंद्रावर. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि तीस वर्षं तोंडपाठ असलेले आकडे एका रात्रीत जुने झाले. खून ३०२ चा १०३ झाला. फिर्यादीचं १५४ आता १७३. झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं, पंचांच्या सह्यांसकट. "अण्णांच्या वेळी हे असतं तर तो हॉटेलातला पंच उभाच राहिला नसता," मी म्हटलं. तो हसला. "ताई, परवा पोरांनी सरावाला केलेलं शूटिंग बघ," म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. खोली स्पष्ट दिसत होती, कपाट, पलंग, सांडलेलं पाणी. दार मात्र एकदाही नीट दिसलं नाही. कॅमेरा धरणारा दारातच उभा होता.

मग त्याने ड्रॉवरमधून अण्णांची वही काढली. खाकी कापडाच्या पाठीची. तो तिच्यातूनच शिकवतो. जागोजागी जुन्या कलमांवर पेन्सिलीची रेघ आणि शेजारी नवा आकडा. २७ खोडून २३. वहीच्या पहिल्या पानावर कलम नव्हतं. अण्णांच्या तिरप्या अक्षरात त्या बाईचा प्रश्न होता, आणि त्यावर रेघ नव्हती.