शिखरावर नाव कोणाचं?

किलिमांजारोबद्दल कुठेही वाचा, एक ओळ हमखास सापडते: ६ ऑक्टोबर १८८९ रोजी जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मेयर आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर यांनी हे शिखर पहिल्यांदा सर केलं. ओळ खरी आहे. पण ऑफिसात प्रोजेक्ट लाइव्ह गेला की अभिनंदनाचा मेल दोघांच्या नावाने येतो आणि रात्रभर सर्व्हर सांभाळणारे त्यात नसतात, तशी ती मला वाटते. विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला असलेल्या या ५,८९५ मीटर उंच डोंगराचा इतिहास त्या मेलमध्ये नसलेल्यांच्या बाजूने वाचला, तर वेगळाच दिसतो.

सुरुवात १८४८ पासून करू. मोंबासाजवळच्या रबाई गावातून योहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी आतल्या प्रदेशात निघाला. वाट दाखवायला बवाना खेरी नावाचा स्थानिक माणूस आणि सामान वाहायला काही हमाल. ११ मे रोजी रेबमानला दूर डोंगरमाथ्यावर काहीतरी पांढरं चमकताना दिसलं. वाटाड्याला विचारलं, तर ती 'थंडी' असावी, असं तो म्हणाला. रेबमानने ओळखलं, हा बर्फ. त्याने तसं लिहून पाठवलं आणि लंडनमध्ये बसलेल्या डब्ल्यू. डी. कूली या भूगोलतज्ज्ञाने ते उडवून लावलं. विषुववृत्तावर बर्फ? शक्यच नाही! वाद बरीच वर्षं चालला. १८६२ मध्ये बॅरन फॉन डेर डेकन डोंगरावर सुमारे ४,२०० मीटरपर्यंत चढून आला, तेव्हा कुठे रेबमानची बाजू भक्कम झाली.

गंमत म्हणजे पायथ्याच्या लोकांना उत्तर आधीच ठाऊक होतं. वरची ती 'चांदी' भांड्यात भरून खाली आणली की तिचं पाणी होतं, असं ते सांगत. यापेक्षा साधा पुरावा कोणता हवा होता? पण पुरावा कोण देतोय, यावर त्याचं वजन ठरत होतं.

याच रबाईचा एक धागा थेट नाशिकला येतो. त्या काळात ब्रिटिश नौदल अरबी गलबतांवरून गुलामांची सुटका करायचं. त्यातली बरीच आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची आणि काहींना नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवलं जायचं. तिथे ती लिहावाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकत. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये आफ्रिकेत परतले, ते रेबमानच्याच मदतीला. नाशिकचाच जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या शोधयात्रेत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा सोबतच्यांनी त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं, आणि वेनराइट ते घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. पूर्व आफ्रिकेच्या त्या 'शोधां'मागे आपल्या नाशिकचे विद्यार्थीही चालत होते, हे मला शाळेच्या एकाही पुस्तकात भेटलं नाही.

आता पुन्हा मेयरकडे. १८८७ मध्ये तो सुमारे ५,५०० मीटरपर्यंत पोहोचला आणि बर्फाच्या भिंतीपुढे थांबला. १८८८ मध्ये किनाऱ्यावरच्या बंडात पकडला गेला, खंडणी देऊन सुटला. १८८९ मध्ये काय बदललं? एक म्हणजे आल्प्समध्ये मुरलेला पुर्टशेलर सोबत होता. दुसरा बदल माझ्यातल्या इंजिनिअरला जास्त रंजक वाटतो: या वेळी मेयरने रसदीची साखळी उभारली. खाली मारांगू, मध्ये एक तळ, वर सुमारे ४,३०० मीटरवर आणखी एक. हमाल ठरावीक दिवसांनी खालून ताजं अन्न आणत, आणि वरच्या तळावर पंगानीचा म्विनी अमानी कडाक्याच्या थंडीत दिवसेंदिवस तळ सांभाळत राहिला.

या साखळीचा हिशोब सरळ आहे. ३ ऑक्टोबरला मेयर आणि पुर्टशेलर विवराच्या कडेपर्यंत पोहोचले, पण उशीर झाला होता, परतावं लागलं. तीन दिवसांत ते पुन्हा चढले आणि शिखरावर पोहोचले. तळावर खायला नसतं, तर हा दुसरा प्रयत्न झालाच नसता. वर पोहोचल्यावर मेयरने शिखराला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मचं नाव दिलं. माथ्यावरचा एक दगडही तो सम्राटासाठी घेऊन गेला.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघं मित्र याच मारांगू वाटेने सहा दिवसांचा ट्रेक करून आलो. इथे परवानाधारक गाईडशिवाय डोंगरावर पाऊल टाकता येत नाही. आम्हा चौघांसाठी दोन गाईड, एक स्वयंपाकी आणि अकरा हमाल. हमालांना स्वाहिलीत 'हमाली' हाही शब्द आहे. मूळ अरबी शब्द एकच, समुद्राच्या दोन्ही काठांवर टिकलेला. सामानाचा काटा फाटकावरच असतो, माणशी वीस किलोची मर्यादा. आम्ही 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, चालायचो. ते डोक्यावर पोती घेऊन आम्हाला मागे टाकायचे, आणि आम्ही पोहोचेपर्यंत चहा उकळलेला असायचा. ४,७०० मीटरवरच्या किबोच्या तळावरून मध्यरात्री आम्ही शिखराकडे निघालो. हमाल तळावरच थांबले, म्विनी अमानीसारखे.

शिखराचं नाव आता उहुरू आहे, म्हणजे स्वातंत्र्य. १९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला, तेव्हा लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी इथे मशाल पेटवून झेंडा रोवला. सम्राटाचं नाव गेलं. हमालांची नावं मात्र आपोआप आली नाहीत. १९८९ मध्ये पहिल्या चढाईची शताब्दी साजरी होताना मारांगूचे योहानी किन्याला लाउवो हे वृद्ध गृहस्थ पुढे आले. मेयरच्या मोहिमेचे वाटाडे म्हणून त्यांचा सत्कार झाला. १९९६ मध्ये ते वारले. ते खरंच १८८९ च्या मोहिमेत असतील, तर तेव्हा त्यांचं वय सव्वाशेच्या आसपास हवं. शंका येणं स्वाभाविक आहे, आणि मेयरच्या लेखनात तर शिखरावर दोघंच आहेत. पण शंभर वर्षांत कोणी हमालांची यादी जपली असती, तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता.

उतरल्यावर मला शिखराचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं नाव आणि गाईडची सही. अकरा हमालांची नावं मात्र दुसऱ्याच कागदावर होती: टिप वाटण्यासाठी केलेली हाताने लिहिलेली यादी, प्रत्येक नावापुढे रक्कम. मी तिचा फोटो काढून ठेवलाय. प्रमाणपत्र घरी फ्रेम केलंय, पण त्या ट्रेकचा खरा दस्तऐवज फोनमध्ये आहे.