कॉलमचा माथा

डिस्टिलरी बघायला आलेल्या माणसाला आधी खालची वाफेची लाइन दाखवतात, मग कॉलममध्ये प्लेटा किती ते सांगतात, आणि शेवटी मान वर करून 'वर कंडेन्सर आहेत' एवढं बोलून पुढं नेतात. केमिकल इंजिनिअरिंगची पुस्तकंही त्याच वाटेनं जातात. प्लेटांवर पानंच्या पानं, आणि माथ्यावरच्या कंडेन्सरला एक गोल चिन्ह. मला हे नेहमी खटकत आलं आहे. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मोलॅसिसपासून अल्कोहोल गाळण्याची जी विद्या दोन-तीन पिढ्यांत तयार झाली, तिचा खरा कस या माथ्यावर लागला. वर आलेली वाफ कशानं थंड करायची, त्यातलं किती परत कॉलममध्ये सोडायचं आणि जे थंड होतच नाही त्याला वाट कुठून द्यायची, यावरच पाळी सुखाची जाणार की जागरणाची हे ठरत आलं.

मी मूळची कोरेगावची. वारणानगरला केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात डायनॅमिक सिम्युलेशनचं काम करते. प्लांट उभा राहण्याआधी त्याचं गणिती रूप संगणकात चालू करायचं, बंद करायचं, त्याची वीज घालवायची आणि तो काय करतो ते मिनिटामिनिटाला बघायचं, असं हे काम. माझे चुलते, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, कृष्णाकाठच्या एका सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत कॉलम ऑपरेटर होते. निवृत्त होऊन ते कोरेगावात राहतात. माझ्या मॉडेलातल्या अडचणी मी त्यांना विचारते. पुस्तकात नसलेली उत्तरं त्यांच्याकडे असतात.

वाफ थंड करणं हे या धंद्याचं आद्य कौशल्य. गावठी भट्टीत गूळ-नवसागराचं आंबवण हंड्यात उकळतं, वर थंड पाण्याचं भांडं असतं आणि त्याच्या बुडाला वाफेचे थेंब धरतात. जाळ कुणालाही लावता येतो. वरचं पाणी केव्हा बदलायचं हे कळणारा माणूस वेगळा. एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचं मोठं केंद्र उरण होतं, आणि 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं हा सगळा व्यवहार सरकारच्या मुठीत गेला. गाळणं आणि अबकारी यांची गाठ युरोपातही अशीच होती. ज्याच्या यंत्राचे वंशज आपल्या डिस्टिलऱ्यांत उभे राहिले तो ईनिअस कॉफी डब्लिनमधला अबकारी अधिकारीच होता. त्यानं 1830 साली अखंड चालणाऱ्या दोन कॉलमच्या भट्टीचं पेटंट घेतलं. एका कॉलमला अ‍ॅनालायझर, दुसऱ्याला रेक्टिफायर. कारखान्यांतले ऑपरेटर आजही हीच नावं घेतात.

कॉफीच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट माथ्याशीच जोडलेली आहे. त्यानं थंड वॉश, म्हणजे आंबवलेला द्रव, एका नागमोडी नळीतून रेक्टिफायरच्या आतून फिरवला. बाहेरून अल्कोहोलची वाफ, आतून वॉश. वाफ थंड होते, वॉश तापतो, आणि दोन्ही कामं एकाच उष्णतेत उरकतात. आपल्याकडच्या प्लांटांत रेक्टिफायरच्या वाफेवर पहिला येतो तो बिअर हीटर. त्यात हीच युक्ती आहे. पुढं 1890 च्या दशकात एर्नेस्ट सोरेल या फ्रेंच अभियंत्यानं अल्कोहोलच्या रेक्टिफिकेशनचं गणित प्लेटागणिक मांडलं. आज तेलशुद्धीकरणापासून औषधांपर्यंत सगळीकडे वापरतात त्या गणिताचा उगम अल्कोहोलच्या कॉलममध्ये आहे, हे आमच्या ऊसपट्ट्यातल्या मुलांना शाळेतच सांगायला हवं.

आपल्याकडे ही यंत्रं मुख्यतः साखरेमागून आली. 1950 साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कृष्णेच्या खोऱ्यात रेठऱ्याचा कृष्णा, सांगलीचा वसंतदादांचा शेतकरी कारखाना, साखराळे, यशवंतनगर, भुईंज अशी रांग लागली. आमच्या तालुक्यात चिमणगावला जरंडेश्वर त्यांच्या बऱ्याच नंतरचा. साखर काढून उरलेलं काळं मोलॅसिस ठेवायचं कुठं हा प्रश्न होताच, म्हणून कारखान्याच्या कुशीत डिस्टिलरी. राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा होता आणि स्पिरिटच्या प्रत्येक लिटरवर सरकारची नजर. स्पिरिटच्या टाक्यांना कारखान्याचं एक आणि एक्साइजचं एक अशी दुहेरी कुलपं. अप्पांच्या प्लांटमध्ये कॉलममधून येणारी धार कुलूपबंद काचेच्या पेटीतून जायची आणि त्यात हायड्रोमीटर तरंगत असायचा. माल हातात घेऊन बघायची सोय नाही. काचेतून आकडा वाचायचा आणि वरच्या मजल्यावर काय चाललं असेल ते ताडायचं.

जुन्या रचनेत कंडेन्सर कॉलमच्याही वर, सगळ्यांत उंच मजल्यावर बसवलेले असत. थंड झालेलं स्पिरिट स्वतःच्या वजनानं खाली उतरून कॉलमच्या माथ्यावर परत पडायचं, हाच रिफ्लक्स. त्या लाइनला खाली यूच्या आकाराचा बाक असायचा. त्यात द्रव भरलेला राहिला तरच कॉलममधली वाफ उलटी वर घुसत नाही. सुरुवातीला तो बाक रिकामा असतो, म्हणून पहिली काही मिनिटं नाजूक. अप्पांनी मला शिकवलेला पहिला नियम यातूनच आला. "आधी वरचं पाणी बघायचं, हात लावून बघायचं, मग वाफ सोडायची. वाफ आधी सोडली की मग देवाचं नाव घे." मग पूर्ण रिफ्लक्सवर कॉलम चालू ठेवायचा, थेंबही बाहेर काढायचा नाही, माथ्यावर अल्कोहोल साठू द्यायचं. माथ्याचं तापमान 78 अंशांच्या आसपास स्थिरावलं की माल काढायला सुरुवात. वातावरणाच्या दाबाला वजनानं साधारण 95.6 टक्क्यांच्या पुढं अल्कोहोल जातच नाही, कितीही प्लेटा घाला. तिथं पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळतात.

आणि थंड न होणाऱ्या वायूचं काय? वॉश आंबताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि तापला की सुटतो. शिवाय अ‍ॅसिटाल्डिहाइड असतं. ते साधारण 20 अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या हवेत ते वायूच. मुख्य कंडेन्सरनंतर म्हणूनच छोटा व्हेंट कंडेन्सर असतो, आणि तिथून अल्डिहाइड असलेलं अशुद्ध स्पिरिट वेगळं काढतात. व्हेंट फार बंद ठेवला तर वायू कंडेन्सरमध्ये साचतो, नळ्या वाफेपासून झाकल्या जातात, दाब चढतो. फार उघडला तर अल्कोहोल हवेत जातं. त्या एका व्हॉल्व्हवर अप्पांचा हात पस्तीस वर्षं होता.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. मला वाटायचं, एप्रिल-मेच्या रणरणत्या दुपारी कंडेन्सरची सर्वांत पंचाईत होत असेल. ते म्हणाले, "उन्हाळ्याचं काय नाय वाटायचं. मृगाची कुंद हवा सुटली की दाब वर सरकायचा." मी हवेचे आकडे घेऊन ताळा केला आणि तो तंतोतंत जुळला. कूलिंग टॉवरमधलं पाणी बाष्पीभवनानं थंड होतं. साताऱ्याकडची एप्रिलची हवा तापलेली पण कोरडी, ती पाण्याची वाफ भराभर उचलते. जूनमध्ये तापमान उतरतं, पण हवा ओलीनं भरलेली असते आणि टॉवरचं पाणी आधीपेक्षा गरम राहतं. आता प्रत्येक प्लांटच्या मॉडेलात मी जूनची ओली हवा घालते.

1980 च्या दशकापासून चित्र बदलत गेलं. मांजरीला 1975 साली सुरू झालेली साखर संस्था, जिला नंतर वसंतदादांचं नाव मिळालं, कारखान्यांना तांत्रिक आधार देत होती. प्रमोद चौधरी यांनी पुण्यात प्राज सुरू केली आणि डिस्टिलऱ्यांचं तंत्रज्ञान इथंच तयार होऊ लागलं. मग मल्टिप्रेशर पद्धत आली. रेक्टिफायर दाबाखाली चालवायचा, अ‍ॅनालायझर निर्वाताखाली. दाबामुळे रेक्टिफायरच्या माथ्याची वाफ जास्त गरम, निर्वातामुळे अ‍ॅनालायझरचा तळ कमी तापमानाला उकळणारा. तेव्हा पहिल्याच्या माथ्याची वाफ दुसऱ्याच्या तळाला उकळवते. बॉयलरची वाफ केवढी तरी वाचली. पण पहिल्या कॉलमचा कंडेन्सर आणि दुसऱ्या कॉलमचा रिबॉयलर हे आता एकच यंत्र झालं. निर्वात जरा ढासळला की अ‍ॅनालायझर जास्त तापमानाला उकळतो, उष्णता कमी ओढतो, आणि दाब रेक्टिफायरच्या माथ्यावर चढतो. हे दुखणं कुठून सुरू झालं हे जुन्या अनुभवावर ओळखणं कठीण झालं.

त्यातच इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पथदर्शी प्रकल्प 2001 साली देशात झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात होते: मनमाड आणि मिरज. मिरज म्हणजे कोरेगाव स्टेशनातून जाणाऱ्या पुण्याच्या गाडीचं पुढचं जंक्शन. 2003 पासून 5 टक्क्यांचा कार्यक्रम सुरू झाला, 2022 साली 10 टक्के गाठले आणि 2025 साली 20. पेट्रोलसाठी पाणी नसलेलं अल्कोहोल लागतं, आणि ते आता मॉलिक्युलर सीव्हनं मिळवतात: 3 अँगस्ट्रॉमच्या छिद्रांत पाणी शिरतं, अल्कोहोल शिरत नाही. एक पात्र पाणी शोषत असतं तेव्हा दुसरं कोरडं होत असतं, आणि काही मिनिटांनी त्यांची अदलाबदल होते. प्रत्येक अदलाबदलीचा झटका मागच्या यंत्रांपर्यंत पोहोचतो.

म्हणून मॉडेल. तेलाच्या संकटानंतर 1976 साली एमआयटीमध्ये अशा संगणकी मॉडेलांसाठीचा अ‍ॅस्पेन प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी कॅनडात कॅल्गरीला हायप्रोटेक कंपनी निघाली, तिचं हायसिस आज आमच्या रोजच्या वापरात आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे डीडब्ल्यूसिम हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांच्या हाती पोहोचलं. पण सॉफ्टवेअर कुठलंही असो, त्यात कॉलम ओढून आणला की माथ्यावर तयार कंडेन्सर आपोआप बसतो. तुम्ही दाब सांगा, तो दाब तसाच राहतो. स्थिर अवस्थेच्या हिशेबाला ते चालतं. कॉलम चालू कसा होईल किंवा पाणी गेलं तर काय होईल हे विचारायचं असेल, तर तो तयार कंडेन्सर काढून माथा तुकड्यातुकड्यानं बांधावा लागतो.

हे बांधकाम मला मनापासून आवडतं. आधी माथ्यावरून निघणारी वाफेची लाइन, तिच्या खऱ्या लांबी-व्यासासह, कारण खऱ्या प्लांटमध्ये दाब आपण ठरवत नाही. जागा किती आणि तिच्यात वाफ किती, यातून तो ठरतो. मग कंडेन्सर खऱ्या उष्णता-विनिमय यंत्रासारखा: वाफेच्या बाजूचं घनफळ, नळ्यांच्या धातूचं वजन, पाण्याची बाजू वेगळी. मग रिफ्लक्स ड्रम, आडवा की उभा, जमिनीपासून किती उंच. ही उंची घातली नाही तर गुरुत्वावर उतरणारा रिफ्लक्स मॉडेलात उतरतच नाही, आणि पंप असेल तर त्याच्या तोंडाशी पुरेसा दाब आहे की नाही ते कळत नाही. स्पिरिट उकळबिंदूच्या जवळ असतं, ड्रमची पातळी थोडी घसरली की पंप वाफ ओढू लागतो. पंपाचा खरा वक्र, व्हॉल्व्हची खरी क्षमता आणि तो उघडायला लागणारे सेकंद, सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि व्हेंट.

नव्या मुलांच्या मॉडेलात माथ्याचा दाब आखल्यासारखा सरळ राहतो, असं मी एकदा अप्पांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग वॉशातला गॅस त्यांनी कुठं सोडला?" बरोबर तिथंच चूक असते. मिश्रणात नुसतं पाणी आणि अल्कोहोल घातलं की थंड न होणारं काही उरतच नाही, व्हेंटला कामच नाही, आणि असं मॉडेल कधीच आजारी पडत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड, अल्डिहाइड आणि निर्वाताच्या बाजूनं शिरणारी थोडी हवा घातली की तोच कॉलम जिवंत होतो.

वीज जाण्याचा प्रसंग मी नेहमी चालवून बघते. कूलिंगचे पंप थांबतात, पण बॉयलरमध्ये वाफ असते आणि ती येतच राहते. माथ्याचा दाब सेकंदांत चढायला लागतो, ड्रमची पातळी काही मिनिटांनी हलते, आणि स्पिरिटची शुद्धता पूर्ववत व्हायला तास लागतात. या तीन वेगांना एकाच गणितात सांभाळणं ही आमच्या कामातली सर्वांत किचकट बाब. वाफेचा व्हॉल्व्ह किती सेकंदांत मिटला पाहिजे हा आकडा यातून मिळतो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या आकड्यावर असतो. माझ्या लहानपणी एका प्लांटमध्ये असा दाब चढून स्पिरिटची वाफ व्हेंटमधून मजल्यावर पसरली होती. ठिणगी पडली नाही म्हणून लोक वाचले. घरी त्या रात्री कुणी जेवलं नव्हतं.

मॉडेल खरं आहे की नाही हे पडताळायला जुन्या नोंदी लागतात. त्या काळी दर तासाला लॉगशीट भरत: माथ्याचं तापमान, दाब, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान, हायड्रोमीटरचा आकडा, शेऱ्याच्या रकान्यात 'व्हेंट अर्धा' किंवा 'वीज गेली 2.40'. संगणकावरचं नियंत्रण आलं तसे हे गठ्ठे रद्दीत निघाले. जिथं ते अजून गोदामात बांधलेले आहेत तिथं मी परवानगी मागून त्यांचे फोटो काढते आणि अप्पा शेजारी बसून अक्षरं लावून देतात, कारण कुठल्या पाळीत कोण काय लिहायचं हे त्यांना ठाऊक आहे. आता त्याच डिस्टिलऱ्यांत मोलॅसिसच्या जोडीला मक्यावर चालणारी यंत्रणा बसते आहे. मक्याच्या वॉशातून वर येणारा गॅस किती आणि कसा, याच्या नोंदी नव्यानं धराव्या लागतील. पुढच्या हंगामाआधी जूनमधली पानं तेवढी पूर्ण करायची, असं आमचं ठरलं आहे.